झेरॉक्सवाल्या बापाचं पत्र

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला न् आईनं लगेच खलबत्ता घासून काढला. मसाल्याचा धंदा तू करणार, घाई तिला!

'उद्यम'च्या, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे एजंट साडेतीन हजार मागतो म्हणालीस. बेटा, एक रुपया देऊ नको. मी दुकानासाठी तीन हजार मोजून बसलोय. ही नोंदणी 1 जुलै 2020 ला सुरू झाली तेव्हापासूनच सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. मला ते कळलं वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंकडून, त्या झेरॉक्स काढायला आल्या तेव्हा. बर्डीवरच्या आपल्या दुकानापासून वाचनालय शंभर पावलांवर, आणि मी पंधरा वर्षं तिथं फक्त पेपर चाळायला जात होतो.

परवा तुझं काम घेऊन गेलो. बाईंनी कॉम्प्युटरवर दाखवलं, भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मिरचीला लावता येतं. पाकिटावर ते नाव मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. लेबलं छापायला टाकली नाहीस ना? थांब जरा. ब्रँडचं नाव आधी कोणी घेतलंय का, तेही ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 2006 पासून छोट्या उद्योजकांसाठी वेगळा कक्षच आहे म्हणे. आपल्याकडे टेबलं स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेली, अनुदान तुटपुंजं. धंदेवाल्यांसाठी कोपरा मागायचा कोणाकडे? पण विचारलं की बाई उठतात, शोधून देतात.

त्यांनीच सांगितलेली एक गंमत. चेस्टर कार्लसन नावाचा माणूस अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात होता. कायद्याची पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वाचनालयात बसून उतारे हातानं उतरवायचा. बोटं आखडायची. मग न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात विज्ञानाची पुस्तकं धुंडाळली आणि 22 ऑक्टोबर 1938 ला पहिली झेरॉक्स काढली. म्हणजे ज्या मशीनवर तुझी कॉलेजची फी निघाली, तिचं मूळ वाचनालयात! आणि मला पत्ताच नाही.

येताना दोन फोटो आण. सभासदत्वाचा अर्ज तुझ्या नावानं भरून ठेवलाय, अनामतही भरली. आई धने आणायला इतवारीत निघालीच होती, लेबल ठरेपर्यंत कशीबशी थांबवली आहे.

तुझा,
बाबा