अक्षर वाईट, की बाक उंच?

मा. संपादक,
स. न.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की एक ठरलेली तक्रार आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे लिहिणं, जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्यांकडे, येऊ लागते: "अक्षर फार वाईट आहे, लिहायचा कंटाळा करतो." तोवर घरी शुद्धलेखनाची दोन-चार पानं वाढवून झालेली असतात. पण वही उघडण्याआधी मूल बसतं कसं, ते बघायला हवं.

पहिलीच्या वर्गात पुष्कळदा मोठ्या मुलांचे बाक असतात. पाय लोंबकळतात, मग तोल सावरायला डावा हात बाकाची कड धरतो. वही धरायला हातच उरत नाही. ती सरकते आणि ओळ तिरकी जाते. टेबल उंच असेल तर खांदे कानाला लागतात आणि मूल मनगटाऐवजी अख्खा हात हलवत लिहितं. ते लवकर दमणारच. खरं तर पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात आणि टेबल कोपरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर, एवढं पुरतं. पाय पोचत नसतील तर पाट ठेवावा, नाहीतर जुन्या वह्यांचा चिकटपट्टीने घट्ट बांधलेला गठ्ठा. जाड रिंग फाइल आडवी ठेवून तिच्यावर वही ठेवली की पंधरा-वीस अंशांचा उतार मिळतो. मान वाकत नाही, मनगट आपोआप नीट राहतं. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी झटापट होत नाही. त्याच्या वहीचं वरचं टोक उजवीकडे कललेलं हवं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचं डावीकडे.

पेन्सिलची पकड बिघडली की पालक तिच्यावर चढवायची रबरी ग्रिप आणतात. खांदा आणि मनगट कच्चं असेल तर ग्रिपने फारसं काही होत नाही. त्यापेक्षा खडूचे इंचभर तुकडे करून द्यावेत; एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, अंगठा आणि दोन बोटंच पुढे येतात. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवून चित्र काढू द्यावं. मटार सोलणं, कणीक तिंबणं, कपड्यांचे चिमटे लावणं, चिमटीने रांगोळी सोडणं हा तर घरातलाच व्यायाम आहे.

पान मागून चाचपून बघा. अक्षरांचा उठाव हाताला लागत असेल तर दाब जास्त पडतोय. किती जोर लावतोय ही जाणीव सांधे-स्नायूंकडून मिळते. काही मुलांमध्ये ती कमी असते, आणि "हलक्या हाताने लिही" असं ओरडून ती येत नाही. वहीच्या सुट्या पानाखाली फोमचा पातळ तुकडा ठेवावा. जोर जास्त झाला की पेन्सिल कागदातून आरपार जाते, आणि ते मुलाला स्वतःलाच कळतं.

बालवाडीची घाई हा वेगळाच विषय. उभी, आडवी रेघ आणि गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास बघून काढता येतात, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचारला, त्रिकोण पाच उलटल्यावर. तिरकी रेघ उशिरा येते. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाकडून इंग्रजी 'ए' आणि 'के' गिरवून घेतात! मराठीतही सुरुवात 'अ'पासूनच, म्हणजे सगळ्यांत गुंतागुंतीच्या अक्षरापासून. 'ट', 'ग', 'व' आधी घेतले आणि तिरक्या रेघेचे 'र', 'स', 'ख' मागे ठेवले तर मुलाचं काही बिघडत नाही.

एवढं करूनही दोनेक महिन्यांत फरक दिसला नाही, तर आधी डोळे तपासावेत, मग थेरपिस्ट गाठावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलांना तपासणारं सरकारी पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, जाता येतं. अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याची) प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण तिसरीत, म्हणजे आठव्या वर्षी होते, म्हणून तोपर्यंत थांबणारे पालक बरेच आहेत. पण थेरपी सुरू करायला ते प्रमाणपत्र लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. चिठ्ठीत "अक्षर वाईट" एवढंच लिहू नका. किती मिनिटांनी दमतो, फळ्यावरून उतरवताना चुकतो की पुस्तकातूनही, शर्टाची बटणं आणि डब्याचं झाकण स्वतः उघडतो का, हे चार ओळींत लिहून पाठवा.

— एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नाशिक