नास्तिकाला व्यासपीठावर ओळख लपवायला सांगू नका : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रबोधनातील नास्तिक कार्यकर्त्यांचे स्थान.

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

मी शिरपूर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक असून धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी फिरत आलो आहे. मी देव मानत नाही आणि ज्या गावांत माझे जाणे-येणे आहे तेथील लोकांना हे ठाऊक आहे. मध्यंतरी एका शासकीय प्रबोधन कार्यक्रमाला मला वक्ता म्हणून बोलावले होते. व्यासपीठावर जाण्यापूर्वी मला सांगण्यात आले की, कायद्याबद्दल हवे तेवढे बोला, पण तुम्ही नास्तिक आहात हे बोलू नका, लोक बिथरतील. सांगणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मात्र श्रद्धाळू समाजावर नास्तिकाचा प्रभाव पडूच शकत नाही, आणि पडलाच तर उलटा पडतो, असा जो समज त्या सूचनेमागे आहे तो खरा नाही, आणि त्यामुळे आपल्याच विभागाच्या कामाचे नुकसान होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

संख्येच्या बळावर आम्ही काही करू शकत नाही, हे मला मान्य आहे. 2011 च्या जनगणनेत धर्म नमूद न केलेल्यांची संख्या देशभरात सुमारे 28.7 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पाव टक्क्याच्याही आत होती, आणि ते सगळेच नास्तिक असतील असेही नाही. एवढ्या लोकांची मते कोणत्याही मतदारसंघात निर्णायक ठरणार नाहीत. तरीही महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या मूठभरांनी काय घडवले ते दिसते. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्या वाट्याला टवाळी आली, पुढे खटले आले, दंड भरावा लागला. ते उघडपणे बुद्धिवादी होते आणि देवधर्माशी त्यांनी तडजोड केली नाही. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि आज आमच्या खेड्यातील उपवास-तापास करणारी आशाताईसुद्धा दारोदार जाऊन तेच सांगते. तिला कर्व्यांचे नाव माहीत नसेल. त्याने काही बिघडत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या विभागाच्या अखत्यारीतलेच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण देवाधर्माला विरोध ही त्यांनी आपल्या संघटनेची भूमिका होऊ दिली नाही. जादूटोणाविरोधी विधेयक धर्माच्या विरोधात आहे असा प्रचार अनेक वर्षे झाला, काही वारकरी संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या, तेव्हा चर्चा झाल्या, मसुद्यात बदल झाले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. तो कायदा उघडून पाहावा. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचे जगणे अशक्य करणे, साप-विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्र घालणे, अशा कृत्यांना तो गुन्हा ठरवतो आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. पुढे कर्नाटकानेही असा कायदा केला. एका नास्तिकाने आयुष्यभर रेटलेली मागणी श्रद्धाळू आमदारांच्या बहुमताने मंजूर झाली, याहून प्रभाव वेगळा काय असतो?

खेड्यात हे कसे घडते तेही सांगतो. शिंदखेडा तालुक्यातील एका गावात आम्ही लिंबातून रक्त काढण्याचा प्रयोग दाखवत होतो. सुरीच्या पात्यावर जास्वंदीचे फूल चोळून वाळू द्यायचे आणि त्या सुरीने लिंबू चिरायचे, एवढीच करामत. लिंबाच्या आंबट रसाने फुलाचा रंग लालभडक होतो. एका म्हाताऱ्या आजींनी सुरी माझ्या हातातून घेतली, फूल स्वतः चोळले, पाते पदराने वारा घालून वाळवले, लिंबू चिरले, बोटावरचा लाल रस निरखून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंग भगतनी मनी कोंबडी काब्र लिन्ही?" (मग भगताने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, माझी कोंबडी का घेतली?) त्या आजी आजही श्रावणात घरी कानबाई बसवतात, रोटांचा प्रसाद करतात, मलाही आग्रहाने वाढतात. मी नास्तिक आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. पुढे रात्रपाळीच्या विजेवर कपाशीला पाणी भरताना त्यांच्या नातवाला साप चावला, तेव्हा भगताकडे न नेता त्याला थेट ग्रामीण रुग्णालयात नेण्याचा हट्ट त्यांनीच धरला. सर्पदंशावरचे प्रतिविष वेळेत मिळाले आणि पोरगा वाचला.

आजींचा देव काढून घ्यायला मी गेलो नव्हतो. जे नास्तिक तसे करायला जातात, लोकांच्या कुलदैवताची चेष्टा करून निघून येतात, त्यांच्याविषयी मला आस्था वाटत नाही, कारण त्यांच्यामागून जाणाऱ्या कार्यकर्त्याला त्या गावात ओट्यावर कोणी बसू देत नाही. पण ओळख लपवणाऱ्यावरही गाव विश्वास ठेवत नाही. आपला माणूस कोण, कसा, हे खेड्यात फार काळ झाकून राहत नाही, आणि शासनाच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने एवढी गोष्ट लपवली हे नंतर कळले, तर त्याने कायद्याबद्दल सांगितलेलेही खोटे ठरते.

याच खानदेशात, अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते. अंतर्बाह्य श्रद्धाळू असलेल्या या माणसाने 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. श्रद्धावान सुधारक आणि नास्तिक सुधारक एका गाडीला जुंपले गेले, तेव्हाच या प्रांतात काही हलले आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यांतल्या एकाला झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपण मंत्रिपदाची शपथ घेतलीत, तेव्हा राज्यघटनेने आपल्यासमोर दोन पर्याय ठेवले होते : ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. मंत्र्याला जे शपथविधीत उघडपणे म्हणता येते, ते तालुक्याच्या सभागृहात एका निवृत्त शिक्षकाला का म्हणता येऊ नये?

माझी विनंती अशी आहे की, कायद्याच्या प्रबोधन कार्यक्रमांत वक्त्याच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर कोणतीही अट घालू नये, असे लेखी पत्र आपण जिल्ह्यांच्या समाजकल्याण कार्यालयांना पाठवावे. त्याचबरोबर अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवर डाकीण ठरवल्या जाणाऱ्या बायकांपर्यंत हा कायदा छापील मराठी पत्रकांतून पोहोचत नाही. तो भिली आणि पावरी बोलींत, आठवडे बाजारात, पोलीस पाटील आणि भगत यांना समोर बसवून सांगावा लागेल. त्यासाठी कीर्तनकारांनाही बोलवा आणि आम्हालाही बोलवा. येण्या-जाण्याचा खर्च आम्ही आमचा करू.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. शिरपूर, जि. धुळे