जाणाऱ्यांचे शब्द तरी ऐकू द्या

मा. सांस्कृतिक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एक निवृत्त मराठी शिक्षिका हे पत्र लिहिते आहे. गुजराती प्रत रजिस्टर टपालाने आपल्याकडे रवाना केली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांनी वाचावी म्हणून.

24 जुलैला संध्याकाळी पाच वाजता एका सरकारी सभागृहात आम्ही तीस-पस्तीस जण जमणार होतो. मे महिन्यात अर्ज दिला, पाचशे रुपये भरले, पावती घेतली, साहेबांच्या सहीची परवानगी मिळाली. कार्यक्रम साधा होता. देशाचे सर्वोच्च पद सोडताना माणसे काय सांगून गेली, ते मराठीत मोठ्याने वाचायचे. तारीखही विचार करूनच ठरवली होती. प्रतिभाताई पाटील, प्रणव मुखर्जी, रामनाथ कोविंद या सगळ्यांनी 24 जुलैच्या संध्याकाळीच देशाचा निरोप घेतला.

आम्ही पोचलो तर दार आतून बंद. शिपाई म्हणाला, "बेन, आजे साहेबनो विदाय समारंभ छे. काले आवजो." आमच्या परवानगीवर ज्यांची सही, त्याच साहेबांची बदली झाली होती, आणि त्यांचा निरोप समारंभ आमच्याच वेळेला, आमच्याच सभागृहात!

पाऊस कोसळत होता. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झालेली, खाली ओट्यावर बसता येत नाही. पाऊण तास भिंतीला टेकून उभी राहिले. कापडी पिशवीत माझ्या हाताने लिहिलेली भाषांतरे होती. आमच्या काकू ऐंशीच्या पुढच्या, त्यांनाही एक उतारा वाचायचा होता, म्हणून टपोऱ्या अक्षरांत, शाईच्या पेनाने लिहिलेली. चार महिन्यांचे काम. पिशवी उघडली तेव्हा पहिले पान नुसते निळे झाले होते. त्या रात्री मला ताप भरला, दोन दिवस उतरला नाही. काकूंना रिक्षा मिळेना, त्या भिजत घरी गेल्या. याची विचारपूस आपल्या खात्यातल्या एकानेही केलेली नाही.

आतला माइक बाहेर स्पष्ट ऐकू येत होता. शाल झाली, श्रीफळ झाले, सात-आठ जणांनी साहेबांची स्तुती केली. शेवटी साहेब बोलले. सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. काय करायचे राहून गेले, कुठे चुकले, मागून येणाऱ्याने कशापासून सांभाळून राहावे, यातले एक अक्षर नाही. मला तिथे रडू फुटले ते गुडघ्यांमुळे नव्हे. माझ्या पिशवीत नेमके तेच होते, आणि ते भिजत होते.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी निरोपाचे भाषण कुठे उभे राहून केलेच नाही. 19 सप्टेंबर 1796 ला ते वर्तमानपत्रात छापून आले. तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होणार नाही असे सांगितले आणि बजावले, की पक्षापक्षांचे वैर देश पोखरील. आजही दरवर्षी त्यांच्या जयंतीच्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक सदस्य ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, एका वर्षी या पक्षाचा, पुढच्या वर्षी त्या पक्षाचा. पाऊण तास लागतो. आम्ही पावसात उभ्या होतो तेवढाच वेळ! अमेरिकेचेच पुढचे एक राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तर जन्माचे सैनिक, महायुद्ध लढवलेले सेनापती. पण 17 जानेवारी 1961 ला, पद सोडायला तीन दिवस उरले असताना, त्यांनी टीव्हीवरून देशाला सांगितले की लष्कर आणि शस्त्रांचे कारखानदार यांच्या युतीला सरकारवर हुकूमत गाजवू देऊ नका. पुन्हा मते मागायची नव्हती, म्हणून जीभ मोकळी झाली असेल. पण झाली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडचे कमी मोलाचे आहे का? प्रणवबाबूंनी 2017 साली सांगितले की भारताचा आत्मा अनेकविधतेत आणि सहिष्णुतेत आहे, आणि आपले सार्वजनिक बोलणे हिंसेपासून, शब्दांच्या हिंसेपासूनही, मुक्त झाले पाहिजे. कोविंद यांनी 2022 साली आपल्या परौंख गावातल्या मातीच्या घराची आठवण काढली आणि हवामानाच्या संकटाबद्दल सावध केले. मुर्मू यांच्याआधी चौदा राष्ट्रपती झाले. झाकीर हुसेन आणि फखरुद्दीन अली अहमद पदावर असतानाच गेले. उरलेले बारा पद सोडून गेले. त्यांची निरोपाची भाषणे मराठीत एका पुस्तकात द्या म्हटले, तर मला वडोदऱ्यात कुठे मिळाली नाहीत. एवढी खाती, एवढे भाषांतरकार, आणि ते काम गुडघे गेलेल्या म्हातारीने शाईच्या पेनाने करायचे!

हे त्या गावात, जिथे सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, 1910 पासून गावोगाव वाचनालये उघडली. मी ज्या शाळेत तीस वर्षे शिकवले, तिथले मराठी वर्ग बंद झाले. तेव्हाही आम्हाला कुणी दोन शब्द बोलून निरोप दिला नाही. माझे आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. उद्यापासून आपण कुणाचे चाकर, हे आपल्याला कुणी समोर बसवून सांगितले नाही, ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

दुसऱ्या आठवड्यात मी नव्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, ती सही आधीच्या साहेबांची, मी काय करू? मंत्रिमहोदय, या एका वाक्यावर अख्खे सरकार चालले आहे. रस्ता आधीच्यांनी खोदला, शाळा आधीच्यांनी बंद केली, पैसे आधीच्यांनी घेतले. जाणारा हिशेब देत नाही, येणारा हिशेब घेत नाही, आणि मधल्या मध्ये आम्ही पावती हातात धरून दारात उभे. माझे पाचशे रुपयेही अजून परत आलेले नाहीत.

मला पुढच्या 24 जुलैला संध्याकाळी पाच ते सात तेच सभागृह हवे आहे. आणि जुलै 2027 मध्ये राष्ट्रपती मुर्मू यांचा कार्यकाळ संपेल, तेव्हा त्या जे बोलतील त्याचे मराठी भाषांतर त्याच आठवड्यात छापून मिळावे. त्यासाठी आपण दिल्लीला पत्र लिहावे.

भिजलेली पाने मी पुन्हा लिहायला घेतली आहेत. प्रणवबाबूंचे भाषण काल रात्री संपले. या वेळी बॉलपेन वापरते आहे. नव्या अर्जाच्या पोचपावतीवर शिक्क्याबरोबर मी साहेबांचे नाव आणि हुद्दाही लिहून घेतला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा