त्रेसष्टचा सत्ताविसावा आठवडा

नॅशव्हिल, टेनेसी
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा फोनवर तू विचारलंस, "किती सालची रे ती गिटार?" आणि मी "त्रेसष्टची" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर रुखरुख लागली. त्या एका आकड्यासाठी मी तीन रविवार घालवलेत आणि तिन्ही रविवारी तुमच्या मिरजेच्या दुकानातला तो काउंटर डोळ्यांसमोर होता. तुला ते सगळं सांगायलाच हवं. शिवाय शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे.

आधी गिटारीबद्दल. तुझ्या बाबांची हवाईयन गिटार आठव. मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा जड बार, उजव्या हाताच्या बोटांना पिक. पेडल स्टील हे त्याच घराण्यातलं वाद्य, फक्त ते चार पायांवर उभं असतं आणि खाली पायाशी पेडलं असतात. पेडल दाबलं की ठरावीक तार तेवढी चढते किंवा उतरते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. आपली मींड एका तारेवर चालते. इथे तीन तारा एकत्र वाजत असतात आणि त्यातली एकच हळूच वर सरकते, जणू तीन जण एका सुरात गात असताना एकाला काहीतरी आठवलं. १९५४ मध्ये वेब पियर्स या कंट्री गायकाच्या एका रेकॉर्डवर बड आयझॅक्स नावाच्या स्टील वादकाने हे ऐकवलं आणि इथल्या स्टील वादकांची झोप उडाली. जो तो आपल्या गिटारीला पेडल लावायच्या मागे लागला.

माझी आहे ती फेंडर कंपनीची ४०० नावाची. आठ तारा, एक मान, चार पेडलं. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यात बनलेली. फेंडरने १९५७ मध्ये दोन मानांची १००० काढली आणि पाठोपाठ ही एका मानेची. पेडलापासून वर तारेपर्यंतची ओढ यात सायकलच्या ब्रेकसारख्या केबलने जाते. पुढे बहुतेकांनी केबल सोडून सळ्या घेतल्या, त्यामुळे इथले काही वादक या गिटारीला जरा कमी लेखतात. मला ते पटत नाही. स्नीकी पीट क्लाइनोने फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमध्ये अशाच आठ तारांच्या ४०० वर जे वाजवलंय, ते ऐकल्यावर केबलला नावं ठेवायचा धीर होत नाही.

मी ती घेतली इथून तासाभरावरच्या एका गावातून. वाजवणारे गृहस्थ वारले, मुलगा घर आवरत होता. तो म्हणाला, "वडिलांनी १९५८ मध्ये नवी कोरी घेतली." वर धातूवर ठोकलेला नंबर दाखवून म्हणाला, "नंबर बघा ना किती लहान आहे, पहिल्या पहिल्यांतलीच असणार." माणूस सरळ होता. मीही विश्वास ठेवला.

घरी आणून नंबराच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की त्यावरून साल काढणं किती कठीण आहे. आपल्याला वाटतं, नंबर म्हणजे रांग. पन्नासच्या मागे एकावन्न. फेंडरकडे तसं नव्हतं. त्यांच्या साध्या गिटारींचं बघ. नंबर ठोकलेल्या पट्ट्या डब्यात पडलेल्या असायच्या आणि जोडणाऱ्याच्या हाताला जी येईल ती लागायची. त्यामुळे लहान नंबराची गिटार मोठ्या नंबराच्या गिटारीनंतर बनलेली सापडते. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने तर साठच्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले. इथे नॅशव्हिलातच शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी सुरू केलेल्या शो-बडच्या गिटारी घे. त्यांच्या फ्रेटबोर्डवर पत्त्यांतले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर जडवलेले असतात. त्यांचंही नुसत्या नंबरावरून साल सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. माना, पेडलांची यंत्रणा, पिकअप (तारांखालचा, त्यांचा नाद टिपणारा भाग) हे सगळं बघूनच बोलावं लागतं.

एकच माणूस असा भेटला ज्याचा नंबर खरोखर साल सांगतो. पॉल बिग्सबी. कॅलिफोर्नियातल्या डाउनीच्या आपल्या वर्कशॉपमध्ये एकेक वाद्य हाताने बनवायचा. बड आयझॅक्सची ती पेडल स्टीलही त्याचीच. तो वाद्यावर तारीखच ठोकायचा. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी बनवलेल्या गिटारीवर ५२५४८ असं आहे, म्हणजे २५ मे १९४८. (इकडे महिना आधी लिहितात.) ती गिटार इथल्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. काचेला नाक लावून मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. वर्षाला मोजकीच वाद्यं करणाऱ्या माणसाला हे जमतं, कारखान्याला नाही.

मग दुसऱ्या रविवारी गिटार पालथी घातली, नियंत्रणांची पट्टी उघडली, आणि बंड्या, आत तुझं जग होतं. रेडिओत असतात तसे, फिरवायचे दोन कंट्रोल! एक आवाजाचा, एक टोनचा. इथे त्याला पॉट म्हणतात. आठवतं, शाळा सुटल्यावर आपण काउंटरवर बसायचो आणि तुझे बाबा जुन्या रेडिओतले कंट्रोल काढून आपल्याला पाठीवरचे आकडे वाचायला लावायचे? म्हणायचे, "वस्तू पालथी केल्याशिवाय तिचं काही कळत नाही." तेच केलं.

अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे. ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, १३४ सेंट्रलॅब, १४० क्लॅरोस्टॅट. पुढचे आकडे सालाचे आणि शेवटचे दोन आकडे त्या सालातल्या आठवड्याचे. हीच पद्धत स्पीकरलाही आहे, जेन्सन कंपनीचा आकडा २२०. तुझ्याकडे एखादा अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला तर बघ, लगेच वाचता येईल. एक खोच आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असतो. ६ असेल तर सेहेचाळीस की छप्पन, हे बाकीच्या वस्तूवरून ठरवायचं. साठनंतर दोन आकडे येतात आणि घोळ मिटतो.

माझ्या आवाजाच्या पॉटवर धूळ होती. पातळ फडक्याला थोडं स्पिरिट लावून पुसली, टॉर्च तिरका धरला. आकडे एकेक करून वर आले: ३०४६३२७. स्टॅकपोल, त्रेसष्ट, सत्ताविसावा आठवडा. म्हणजे जुलैचे पहिले दिवस. अठ्ठावन्नमध्ये विकलेल्या गिटारीत त्रेसष्टचा पॉट कारखान्यातून बसलेला असू शकत नाही.

मग टोनचा पॉट पुसला. १३७६६१२. सीटीएस, सहासष्टचा बारावा आठवडा. आता काय करायचं? एक मन म्हणे, गिटारच सहासष्टची, आणि त्रेसष्टचा पॉट कारखान्याच्या फळीवर पडून राहिलेला. तसं होतं कधी कधी. फेंडरने १९६६ मध्ये सीटीएसचे पॉट ढिगाने घेतले आणि ते पुढची काही वर्षं वापरले, म्हणून अडुसष्टच्या गिटारीतही सहासष्टचा पॉट निघतो. तुमच्या त्या बिस्किटांच्या डब्यात दहा-दहा वर्षं पडलेले कंट्रोल आठव. पॉट कधीच "या दिवशी बनवली" असं सांगत नाही. तो एवढंच सांगतो की याच्या आधी नाही. माझ्या मते साल काढायच्या कामात लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. आणि त्यात पैशाचा प्रश्न असतो, कारण जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या बड्या कंपनीने फेंडर विकत घेतली, आणि त्याआधीच्या गिटारीला बाजारात वेगळा भाव आहे. त्रेसष्ट की सहासष्ट, यात पुष्कळ डॉलर येतात.

तेव्हा आकडे सोडून वायरींकडे बघितलं. आवाजाच्या पॉटला आलेल्या वायरी कापडाच्या वेष्टणाच्या, मळून पिवळट झालेल्या. फेंडरकडे साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत अशीच कापडी वायर होती. सोल्डरचा डाग करडा, निस्तेज, कडेला राळ मधासारखी गडद होऊन बसलेली. टोनच्या पॉटला मात्र एक वायर प्लास्टिकची. डाग मोठा, गोळ्यासारखा, चकाकणारा, आणि खाली जुन्या डागाचा ओरखडा अजून दिसतोय. कुणीतरी नंतर बदललाय. माझ्या दृष्टीने तिथे निकाल लागला: गिटार त्रेसष्टच्या उन्हाळ्यानंतरची, बहुधा त्याच वर्षाच्या शेवटची किंवा चौसष्टची, आणि टोनचा कंट्रोल पुढे कधीतरी बिघडून बदललेला.

पण मनाला एक गोष्ट टोचत होती. त्या मुलाने मला खोटं सांगितलं नव्हतं. घरात साठ वर्षं "अठ्ठावन्न" म्हणतात ते उगाच का? तिसऱ्या रविवारी त्याला फोन केला. पैशाचं काही बोलणं नव्हतं, ते मी आधीच सांगून टाकलं. फक्त म्हटलं, "तुमच्या वडिलांची गिटार त्रेसष्टच्या आधीची नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांबा." दोन दिवसांनी त्याने अल्बममधला एक फोटो पाठवला. चर्चचा हॉल, काळा सूट, केस चापून बसवलेले, वडील पंचविशीचे असतील. पुढे गिटार उभी, तिला दोन माना. फोटोच्या कडेला प्रिंटिंगची तारीख छापलेली आहे: ऑगस्ट ५८.

ती १००० होती, बंड्या. अठ्ठावन्नची आठवण पक्की होती, ती फक्त दुसऱ्या गिटारीची होती. पुढे कधीतरी त्यांनी ती जड दोन मानांची देऊन ही हलकी एका मानेची घेतली असणार. मुलाच्या मनात दोन्ही एकच होऊन राहिल्या. तो आता जुन्या पावत्या शोधतोय.

टोनचा पॉट मी बदलणार नाही. कुणाच्या तरी हाताने तो घातलाय, कदाचित त्यांच्याच, आणि वाजतोय उत्तम.

आता तुझं काम. सोबत दोन फोटो ठेवलेत. पहिला आवाजाच्या पॉटचा, दुसरा टोनच्या. भिंग लावून दुसऱ्यातला डावीकडचा डाग बघ. मला वाटतंय की तिथे दोनदा सोल्डर मारलंय, पण हात तुझा बसलेला आहे. तू म्हणशील ते खरं. आणि काकूंना विचार, बाबांची हवाईयन गिटार अजून माळ्यावर आहे का. असेल तर तिला आत्ताच पॉलिश वगैरे करू नकोस. आधी पालथी कर आणि काय दिसतं ते लिही.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अव्या