शाळा विकास आराखड्याच्या बैठकीबाबत सूचना

सर्व सभासद मुख्याध्यापक आणि सहावी ते आठवीच्या शिक्षकांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता सदाशिव पेठेतील नेहमीच्या सभागृहात बैठक होईल. मुख्याध्यापकांसोबत किमान दोन विषयशिक्षकांनी यावे, ही आग्रहाची विनंती.

शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार शाळा विकास आराखडा, म्हणजे शाळेच्या गरजा आणि उद्दिष्टांची योजना, पालक, शिक्षक आणि स्थानिक प्रतिनिधींच्या शाळा व्यवस्थापन समितीने तयार करायचा असतो. प्रत्यक्षात तो अनेकदा मुख्याध्यापकांच्या टेबलावरच पूर्ण होतो आणि शिक्षकांपुढे केवळ सहीसाठी येतो. हे बदलायलाच हवे. सहावीत मुलांना तासागणिक वेगळे शिक्षक भेटतात. एखादा मुलगा अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांत अडखळतो हे गणिताच्या सरांना दिसते, तर त्याला मुळात ते वाक्यच नीट वाचता येत नाही हे मराठीच्या बाईंना ठाऊक असते; ही दोन निरीक्षणे एकत्र आणून त्यांतून शाळेचे सामाईक उद्दिष्ट ठरवणे, हेच आमच्या मते मुख्याध्यापकांचे खरे नेतृत्व होय.

येताना चालू आराखड्याची प्रत आणि सहावीचे वेळापत्रक आणावे. शिक्षकांना एकत्र बसता येईल असा आठवड्यातला एक तास त्यात कोठे बसवता येईल, यावर प्रथम चर्चा होईल. उपस्थितीबाबत गुरुवारपर्यंत कळवावे.