परदेशात खेळायचंय ना, मग आधी गुडघे

धरमपेठ, नागपूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

जिमचा तास सोडून त्या वेळात शॉट मारून राहिलीस म्हणालीस, कारण बाहेरचे बास्केटबॉल क्लब शूटर, म्हणजे लांबून बास्केट करणाऱ्या मुली, शोधतात. शोधतात, खरं आहे. भारताची गीतू अ‍ॅना जोस 6 फूट 2 इंचांची, आपल्याकडे सेंटर, म्हणजे बास्केटजवळच्या जागेवर, खेळली. तिकडे त्या उंचीच्या मुली 6.75 मीटरवरून, तीन गुणांच्या रेषेवरून, सर्रास टाकतात. पण तो शॉट दहा वर्षं टिकवायचा तर खाली गुडघा शाबूत लागतो. जिम सोडायची नाही.

ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन जॅक्सनचं करिअर बघ, नुसत्या क्लिपा नको. 19व्या वर्षी सिडनी ऑलिंपिकचं रौप्य, 2001च्या डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतली महिलांची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नव्या खेळाडू निवडतात तिथे, सिएटलने सगळ्यांत आधी उचलली, 2003, 2007 आणि 2010 अशी तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातली सर्वोत्तम खेळाडू. आता तिचं कॅलेंडर मांड. तिकडचा उन्हाळा अमेरिकेत, तो संपला की ऑस्ट्रेलिया, कोरिया नाहीतर रशियाची लीग, मधल्या फटीत देशाची जर्सी. पैसा हिवाळ्यातल्या लीगमध्ये होता, म्हणून बऱ्याच जणी असंच खेळायच्या. अमेरिकेच्या डायना टॉरासीला तर तिच्या रशियन क्लबने 2015 चा डब्ल्यूएनबीए हंगाम बाहेर बसायचे पैसे मोजले. जॅक्सनचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, 2014 मध्ये फाटलं आणि 2016 मध्ये, पस्तिशीच्या आत, तिला थांबावं लागलं. 2022 मध्ये परत येऊन वर्ल्ड कपच्या कांस्यपदकाच्या सामन्यात तिने कॅनडावर 30 गुण ठोकले, पण ते लाखात एखादीला जमतं.

एसीएल बहुतेक वेळा कुणी धडकल्याने फाटत नाही. रिबाउंड घेऊन एका पायावर उतरताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना गुडघा आत पडतो, पाऊल जमिनीला चिकटलेलं राहतं आणि वरचं शरीर वळतं. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. कंबरेच्या बाजूचे आणि मांडीच्या मागचे स्नायू कच्चे असले की गुडघ्याला धरायला कुणी नसतं. आरशासमोर एका पायावर हळू अर्धी बैठक घाल. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला तर ठीक, अंगठ्याच्या आत गेला तर तिथेच काम आहे. 30 सेंटिमीटरच्या पेटीवरून खाली उतर, दोन्ही पायांवर, कुल्ले मागे, आवाज न करता. धप्प वाजलं तर ती उडी मोजू नको. आणि नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, मैत्रिणीने घोटे दाबून धरायचे, पाठ सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला पाचच, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. हे सगळं वॉर्मअपमध्ये, नॉर्डिक सोडून बाकीचं आठवड्यातून तीनदा. थकल्यावर शेवटी केलं की उतरण्याची सवयच बिघडते. आणि फाटलंच तर ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत कोर्टवर नाही, कोच कितीही म्हणो.

मे महिन्यात घरी येशील तेव्हा इथला पारा 45 च्या आसपास असेल. सरावाआधी आणि नंतर वजन कर. तू 60 किलोची, एका सत्रात 1.2 किलोपेक्षा जास्त घटलं तर पाणी-मीठ कमी पडलं. सकाळी साडेसातला बॉल खाली ठेवायचा. सिमेंटच्या कोर्टचे बूट वेगळे ठेव. तळ गुळगुळीत झालेले तेच बूट लाकडी कोर्टवर घातलेस की घसरशील.

पाळी तीन महिने चुकली तर ‘सराव जास्त झाला’ म्हणून सोडून देऊ नको. खाणं कमी पडतंय असा त्याचा अर्थ बहुतेकदा असतो आणि पुढे नडगीच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. खोकल्याचं औषधही मला विचारल्याशिवाय नाही. स्यूडोएफेड्रिन स्पर्धेत डोपिंगमध्ये मोजतात, आणि माहीत नव्हतं हे तिथे कुणी ऐकत नाही.

वाट तुला ठाऊक आहे: जिल्हा, राज्य, नॅशनल, मग इंडिया कॅम्प. रेल्वेची नोकरी मला कमी वाटत नाही. अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेतूनच खेळली आणि 2021 मध्ये पद्मश्री झाली. पगार, सराव आणि दुखापतीनंतर परत यायला जागा, हे तिन्ही एकत्र मिळणं आपल्याकडे सोपं नाही.

बाहेरचा करार कधी आलाच तर तीन गोष्टी बघ. मेडिकल पास झाल्यावर दुखापत झाली तरी पगार चालू राहील का. वाद झाला तर फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे जाईल असं कलम आहे का. ते नसेल तर थकलेल्या पगारासाठी त्या देशाच्या कोर्टात चकरा. आणि आपल्या फेडरेशनचं लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे परदेशी क्लबकडून खेळायची परवानगी, ज्याशिवाय तिकडे मैदानात उतरता येत नाही. क्लबला व्हिडिओ पाठवताना अख्खा सामना पाठवायचा. बचावात परत कशी धावतेस ते क्लिपांमध्ये दिसत नाही, आणि पारखणारा नेमकं तेच बघतो.

जन्मदाखला आणि आधारवर तुझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळं आहे. पासपोर्टचा अर्ज भरायच्या आधी ते एक करून घेऊ. वयोगट जन्मवर्षावर ठरतात आणि कॅम्पमध्ये कागद तपासतात. दोन्हींचे फोटो आज रात्री पाठव, म्हणजे सोमवारी बाबा महानगरपालिकेत जाऊन येतील.

तुझी,
आई