पंधरा ते पन्नासच्या मधल्या गाड्यांचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर तुम्ही एक पान केलं होतं. वरच्या अर्ध्यात व्हिंटेज गाड्यांचे चकाचक फोटो, पितळी दिवे, फेटे बांधलेले मालक, आणि खालच्या अर्ध्यात मथळा की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. आमच्याकडं पेपर तिघं वाचतात, आणि तिघांनीही ते पान वाचून झाल्यावर दारातल्या गाडीकडं बघितलं. मारुती ८००, १९९६ च्या दसऱ्याला दादांनी म्हणजे वडिलांनी पीएफचं कर्ज काढून घेतलेली, पांढरी, चार गिअरवाली. वरच्या फोटोत ती बसत नाही. खालच्या मथळ्यात बसते असं तुमचं म्हणणं दिसतंय. म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, कापायचंच झालं तर मधून कापा, शेवट ठेवा, मागणी शेवटाला आहे.

आधी एक चूक सांगतो. पंधरा वर्षांवर गाडी बंद हे प्रकरण दिल्लीचं आहे. तिथं हरित लवादानं आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टानं डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली, त्यावर अजून कोर्टात काय काय चालूच असतं. आपल्याकडं घरगुती गाडीला १५ वर्षं झाली की फेरनोंदणी असते. गाडी नेऊन दाखवायची, विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरायचा, पास झाली की पुढची पाच वर्षं मोकळे, पाच वर्षांनी परत तेच. एवढं साधं आहे पण व्हॉट्सॲपवर दिल्लीची बातमी फिरते आणि लोक घाबरून जातात. आमच्या गल्लीतल्या एकानं चालती, एका हातातली गाडी १८ हजाराला देऊन टाकली, आणि घेणाऱ्यानं ती दुसऱ्याच महिन्यात पासिंग करून घेतली. आता पेपरमध्येच असं छापून आलं तर अजून चारजण देतील.

आता आमच्या गाडीची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. आमची गल्ली नदीच्या अंगाची. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन राजारामपुरीत बहिणीकडं गेलो, गाडी दारातच राहिली कारण त्या दिवशी बॅटरी बसलेली होती. परत आलो तेव्हा काचेवर वायपरच्या वर बोटभर जाड चिखलाची रेघ होती, आणि आत सीटवर कुणाचं तरी प्लॅस्टिकचं टमरेल. विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे मिळणार शून्य. भंगारवाला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ११ हजार म्हणाला, वर "ते पण साहेब तुमच्याकडं बघून".

दादा तेव्हा होते. काही बोलले नाहीत, फक्त किल्ली खिशातनं काढून दिली नाहीत.

आमचे दाजी शिरोली एमआयडीसीत फिटर. त्यांचा फोनवर पहिला शब्द "सेल्फ मारू नको". नंतर कळलं किती मोलाचं होतं ते. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतात आणि खेळ खलास. त्या पुरात कितीतरी लोकांनी पाणी ओसरल्या ओसरल्या उत्साहानं किल्ली फिरवून हे करून घेतलं. आम्ही तीन प्लग काढले, भोकात डिझेल ओतलं, दोन दिवस तसंच ठेवलं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून चौघांनी मागनं हळूहळू ढकलली, म्हणजे चाकामुळं इंजिन फिरतं. पहिल्यांदा जाम. दुसऱ्यांदा जाम. तिसऱ्यांदा कुईं असा आवाज झाला आणि प्लगच्या भोकातनं तांबूस पाण्याची पिचकारी थेट समोरच्या भिंतीवर गेली. तो डाग अजून आहे, दोनदा रंग दिला तरी दिसतो. दादा कट्ट्यावर बसले होते, "फिरतंय की रे" म्हणाले.

त्या दिवसापासनं पुढची दोन वर्षं माझे रविवार गेले ते गेले. मी हायस्कूलला गणित शिकवतो, तोपर्यंत पाना धरला नव्हता. इंजिनच्या चेंबरातलं ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं, ते स्वस्तातलं ऑइल घालून दोनदा धुतलं. गिअर ऑइल बदललं, ब्रेक ऑइल सगळं काढलं, चाकातल्या सिलिंडरांना नवीन किट घातलं. पेट्रोलची टाकी खाली उतरवली, तळाला वाटीभर गाळ. एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ही कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा साध्या यंत्रानं मिसळणारी गाडी, तिला कॉम्प्युटर नाही, एअरबॅगचे सेन्सर नाहीत, म्हणून ती पुरातनं वाचली. शेजारच्यांची दोन वर्षांची नवी गाडी तेवढ्याच पाण्यात बुडाली आणि विमा कंपनीनं ती टोटल लॉस लावली.

स्पेअर मिळतात का असं सगळे विचारतात. मिळतात. ८०० चं उत्पादन २०१४ पर्यंत चालू होतं आणि ओम्नी त्याच्याही पुढं चालली, तिच्यात हेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. त्यामुळं ओम्नी तोडलेली असली की आमचं काम झालं. आमचा सेल्फ ओम्नीचा आहे, डिस्ट्रिब्युटरची कॅप पण तिचीच. पुण्याला गेलो की रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर, दरवाजाची हँडलं तिथली, दीडशेला जोडी.

चुका पण सांगतो नाहीतर सगळं सोपं वाटेल. कार्बोरेटर उघडला तेव्हा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबलेलं होतं, मी हुशारी करून सुई घातली. जेट पितळेचं असतं, ते भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं, ते मला कुठं माहिती. गाडी चालू झाली पण मागनं काळा धूर, ॲव्हरेज बारा. महिनाभर कारण सापडेना, प्लग काढला की काजळी. शेवटी दाजींनी जेट उजेडाकडं धरून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. दुसरं जेट टाकल्यावर प्लगचा रंग विटकरी यायला लागला, तो तसा आला की समजायचं जमलं. आता पीयूसीला सीओ, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, १.२ टक्के येतो, आमच्या काळातल्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. दुसरी चूक जिवावरची होती. चाक काढायला जॅक लावला आणि वर उचलल्यावर नट ढिले करायला गेलो, गाडी हलली आणि जॅकवरनं घसरली. हात बाहेर होता म्हणून पत्र लिहितोय. नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मागच्या चाकाला दगड लावायचा, आणि जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, गाडी टेकवायचा लोखंडी घोडा पाहिजेच. विटांवर गाडी ठेवून खाली शिरणारे महाभाग मी बघितलेत, वीट भार आला की सांगून फुटत नाही.

मग गाडी तापायला लागली. रेडिएटरच्या जाळीत पुराचा गाळ सुकून सिमेंट झालेलं आणि फॅनची मोटर जळालेली, हे कळेपर्यंत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं डोकं (हेड) आणि ब्लॉक यांमधली सील, गेलं होतं. हेड घरी उतरवलं. बोल्ट कुठला कुठला हे विसरू नये म्हणून सौ.चं इडलीपात्र घेतलं, प्रत्येक खळग्यात एक बोल्ट, आणि ते इडलीपात्र परत स्वयंपाकघरात जाऊ शकलं नाही हा घरातला एक कायमचा विषय आहे. हेड उद्यमनगरात, लेथ-वर्कशॉपांच्या वसाहतीत नेलं. तिथल्या एका लेथवर सत्तरीचे एक मामा बसतात, त्यांनी हेडवर पट्टी उभी धरली, खाली फट मोजायच्या फीलर गेजचं पातं सरकवलं, ते गेलं, "वाकलंय सर, घासून देतो, उद्या या" एवढंच बोलले. ९०० रुपये. कोल्हापूरकरांनो, हे उद्यमनगर आपल्या दारात आहे म्हणून हे जमतं, नाहीतर बाहेर हेड बदला म्हणून दहा हजाराचं बिल हातात देतात. परत बसवताना बोल्ट मधल्यापासनं बाहेर, एकदम न आवळता तीन फेऱ्यांत, किती आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना दाजींनी एका दिवसासाठी आणला होता.

पत्र्याचं दुखणं पुरानंतर दीड वर्षांनी वर आलं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटिंग उचलली तर खाली रस्ता दिसला. बॅटरीच्या खालचा पत्रा बोटानं मोडत होता. वेल्डिंग मी घरी केलं नाही आणि कुणी करू पण नये, सीओटू वेल्डिंगवाल्याला अर्धा दिवस घरी बोलावलं, बॅटरी आणि टाकी आधी काढून ठेवली, घासाघासी आणि प्राइमर मी केलं. लांबी, म्हणजे पुट्टी, लावून लपवलं असतं तर हजारात झालं असतं, पण लांबीवर पाय देऊन गाडी चालवायची नसते.

खर्च मी वहीत लिहून ठेवलाय, दोन वर्षांत ४६ हजार ३०० आणि वर रंगाचे १४ हजार. एवढ्यात दुसरी जुनी ८०० आली असती, मान्य. सगळे हेच म्हणतात आणि गणिताचा मास्तर असून मी उत्तर देत नाही. पण ४६ हजार एकदम गेले नाहीत, महिन्याला दोन हजार असे गेले, आणि त्या महिन्यांत माझ्याकडं एकदम द्यायला काहीच नव्हतं कारण पुरानं घराचं पण करायचं होतं. दादा २०२१ च्या दिवाळीत या गाडीतनं जोतिबाला जाऊन आले. पुढच्या वर्षी गेले.

आता मॉडिफिकेशनचं. आमचा मुलगा इंजिनीअरिंगला. त्याला १३ इंची अलॉय, काळा मॅट रंग आणि बुंगाट आवाजाचा सायलेन्सर पाहिजे. मी म्हटलं रंग बदलायचा तर आरसीवर बदलून घे, चाक मोठं केलं की स्पीडोमीटर खोटं बोलणार आणि वळणावर फेंडरला घासणार, आणि सायलेन्सर लावलास तर पोलीस रोड रोलरखाली घालतात त्या ढिगात तुझा पण जाईल. या कर्णकर्कश पोरांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही, उलट त्यांच्यामुळंच आमच्यासारख्यांकडं पण लोक संशयानं बघतात. पण मी स्वतः पण बदल केलेच की. हेडलाइटची वायर मूळ अशी आहे की सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातनं फिरून येतो, दोन ६० वॅटचे बल्ब म्हणजे १० अँपिअर, जुन्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि दिवे मेणबत्तीसारखे. मी रिले, म्हणजे करंट थेट बॅटरीकडनं आणणारे स्विच, टाकले, फ्यूज टाकला, बल्ब तेच ठेवले, ५०० रुपयांत रात्री रस्ता दिसायला लागला. मागच्या सीटला बेल्ट नव्हते, ते मला बसवायचेत. त्याला नुसता पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, मागनं जाड प्लेट लागते, म्हणून म्हटलं आधी विचारावं. एका सरकारी कार्यालयात गेलो, एका खिडकीवर सांगितलं चालतंय, शेजारच्या खिडकीवर सांगितलं बदल म्हणजे बदल, पाच हजार दंड. लेखी द्या म्हटलं तर दोघंही चहाला गेले.

दंडाचं खोटं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं काही करायचं नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. सायलेन्सरवाल्याला लावा की, आनंदानं लावा. पण जीव वाचवणाऱ्या पट्ट्याला कुठलं कलम लागतं हे आम्हाला कुणीतरी एका कागदावर सांगायला नको का?

आणि फीचं बघा. २०२१ ला मी फेरनोंदणीचे ६०० भरले, पर्यावरण कर वेगळा. २०२२ च्या एप्रिलपासनं ६०० चे ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ ला २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार केले. आमची मुदत २०२६ च्या ऑक्टोबरात संपते. दुसरीकडं व्हिंटेजचा नियम २०२१ ला केला, ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला वेगळी नोंदणी, २० हजार फी, नंबरात व्हीए. हौशी लोकांची सोय झाली, चांगलं झालं, मला त्यांच्याशी भांडण नाही. पण आमच्या ८०० ला पन्नास पूर्ण होणार २०४६ ला, तेव्हा मी बहात्तरचा असेन. तोपर्यंत तिला काय म्हणायचं? भंगार नाही, व्हिंटेज नाही, आणि खेड्यापाड्यात, तालुक्याच्या गावात अशा गाड्या अजून रोज दूध, पेशंट आणि पाहुणे घेऊन फिरतायत.

तर मागणी अशी. एक, जुन्या गाडीला वयाप्रमाणं फी न लावता तपासणीप्रमाणं लावा, ब्रेक, पत्रा, धूर बघा, नापास असेल तर जरूर बंद करा, आमची पण. दोन, कुठला बदल चालतो, कुठला आरसीवर चढवायचा आणि कुठला चालतच नाही याची मराठीत एक पानाची यादी प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा. तीन ही तुमच्याकडं आहे संपादक साहेब, दिल्लीचा नियम दिल्लीचा म्हणून छापा.

त्याच पानावरच्या टायरच्या चौकटीत मात्र तुम्ही बरोबर लिहिलं होतं, टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा म्हणून. ते वाचून मी स्टेपनी बघितली, १२१४ निघाला, म्हणजे २०१४ चा बारावा आठवडा. उद्या बदलतोय.

गाडी बघायची असेल तर तुमच्या वार्ताहराला पाठवा, दारातच असते. फक्त सकाळी साडेनऊच्या आत, नंतर मी ती घेऊन शाळेत जातो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर